मानसशास्त्रात एमए करताना माजी विद्यार्थ्यांची खरंच मदत होते का?

तुम्ही एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि विचारताय की माजी विद्यार्थ्यांशी ओळख ठेवून काही उपयोग होतो का, आणि अनोळखी सीनिअरला मेसेज तरी काय करायचा. मी पुण्यातून एमए केलं, आता काउन्सेलर म्हणून काम करते आणि ज्युनिअर मुलामुलींशी नेहमी बोलते. उपयोग होतो, आणि आपल्या क्षेत्रात तर फारच होतो.

कारण एमए झालं तरी पुढची वाट आखलेली नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 प्रमाणे नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेलं शिक्षण लागतं. अनेक वर्षं त्याचा अर्थ दोन वर्षांचं एमफिल असाच होता: बंगळूरचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी अशा मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थांमध्ये मोजक्या जागा आणि देशभरातून अर्ज. मग नव्या शैक्षणिक धोरणात एमफिलच बंद करायचं ठरलं, तेव्हा यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कच्या एमफिलला 2025-26 पर्यंत मुदत वाढवून दिली. आता पुढे काय, हे अधिकृत सूचनेतच बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. पण मुलाखतीत केस कशी विचारतात, वॉर्डात दिवस कसा जातो, स्टायपेंड मिळतो का आणि त्यात खोलीभाडं निघतं का, हे नुकतंच त्यातून गेलेलं माणूसच सांगेल. म्हणून मोठ्या नावापेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या सीनिअरला आधी गाठा.

"ताई, सायकॉलॉजीत स्कोप आहे का?" असा मेसेज मला बऱ्याचदा येतो. त्याला काय उत्तर देणार? त्यापेक्षा असं लिहा: "मी एमए भाग दोनला आहे. तुम्ही एमएनंतर शाळेत काउन्सेलर होतात असं मॅडमनी सांगितलं. पहिल्या वर्षी तुमच्या कामावर देखरेख, म्हणजे सुपरव्हिजन, कोण करत होतं? या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलता येईल का?" अशा मेसेजला बहुतेक जण उत्तर देतात. दोन-चार दिवसांत आलं नाही, तर एकदा आठवण करायला हरकत नाही.

नोकरीच्या ओळखीपेक्षाही मला मोलाचा वाटतो तो सराव. मी ज्युनिअर्सबरोबर फोनवर रोल-प्ले करते. मी क्लायंट होते आणि मधेच गप्प बसते. जवळजवळ प्रत्येक जण घाईने पुढचा प्रश्न टाकतो. मग आम्ही तिथेच थांबून बोलतो: ती शांतता नेमकी कुणाला जड जात होती? हे वर्गात साठ जणांसमोर होत नाही.

प्रॅक्टिकममधली, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामातली, खरी केस मात्र सीनिअरपुढे सरसकट मांडू नका. नाव, गाव, शाळा, ओळख पटेल असं काहीही बाहेर जाता कामा नये, आणि केसची जबाबदारी तुमच्या सुपरवायझरचीच राहते. तसंच तुमचं स्वतःचं काही जुनं दुखणं वर आलं, तर त्यासाठी वेगळा थेरपिस्ट गाठा. सीनिअरला त्या भूमिकेत ओढलं की दोघांचीही अडचण होते.

विभागाकडे माजी विद्यार्थ्यांची यादी नसेल, तर ग्रंथालयात जुनी डिझर्टेशन्स, म्हणजे एमएचे प्रबंध, बघा. नाव, वर्ष, विषय तिथे असतो. तुमच्या विषयाच्या जवळचं एखादं निवडा, वाचा, आणि मगच त्या व्यक्तीला लिहा.