तालुक्यातलं घर : विकणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचे प्रश्न

सासवड, शिरूर, भोर, राजगुरुनगर, दौंड या पट्ट्यातून या वेळी बरेच प्रश्न आले. पुणे शहरात एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. तालुक्याच्या गावी घर बघायला येणारे मोजके असतात, आणि त्यातही बँकेचं कर्ज काढणारा आला की कागद नीट नसलेलं घर तिथंच अडकतं. त्यामुळे बहुतेक उत्तरं कागदांपाशीच येऊन थांबली आहेत.

प्रश्न : पुरंदर तालुक्यात गावठाणात वडिलांचं दगडी घर आहे, मागे परसू आहे. वडील २०१६ मध्ये गेले. आई आहे, आम्ही दोघे भाऊ आणि लग्न झालेल्या दोन बहिणी. धाकटा तिथे राहतो म्हणून घरपट्टी त्याच्या नावावर येते. गिऱ्हाईक नमुना आठ घ्यायला तयार नाही, मालकीचा कागद दाखवा म्हणतं. काय करावं?

उत्तर : गिऱ्हाईक बरोबर बोलतंय. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची एवढंच तो सांगतो. धाकट्या भावाने वीस वर्षं कर भरला तरी तेवढ्याने घर त्याचं होत नाही, आणि तुमचा हिस्साही जात नाही.

गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो, म्हणून ही अडचण पिढ्यान्पिढ्या चालत आली. आता गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी उतारा) तयार होत आहेत. राज्यात या मोजणीची पहिली चाचणी तुमच्याच तालुक्यातल्या सोनोरीत झाली, आणि २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत हे काम काही राज्यांत सुरू होऊन २०२१ मध्ये देशभर गेलं. तुमच्या गावची पत्रिका झाली आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारू नका. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. झाली असेल तर तीन गोष्टी बघा. धारक म्हणून कुणाचं नाव लागलंय, क्षेत्र किती चौरस मीटर आहे आणि सत्ताप्रकाराच्या (जागा कोणत्या हक्काने धारण केली त्या) रकान्यात काय लिहिलंय. मोजणीच्या दिवशी जो घरात होता त्याचंच नाव लागलं, परसू शेजाऱ्याच्या पत्रिकेत गेलं, सामाईक बोळ कुणा एकाच्या क्षेत्रात धरला, असले घोळ झालेले असतात. ते विक्रीआधी दुरुस्त करून घ्या. खरेदीखत झाल्यावर शेजारी हरकत घेऊन उभा राहिला तर गिऱ्हाईक तुम्हालाच धरेल.

मग वारस नोंद. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं धरून आई आणि चार मुलं असे पाच समान हिस्से होतात. वडिलोपार्जित असेल तर हिशेब थोडा बदलू शकतो, सह्या मात्र पाचही जणांच्या लागतातच. मिळकत पत्रिका असलेल्या घराची वारस नोंद भूमी अभिलेख कार्यालयात होते, तलाठ्याकडे नाही. घरपट्टीचं नाव ग्रामपंचायतीत वेगळं बदलावं लागतं. वीजमीटर तिसरीकडे. एका ठिकाणी नोंद झाली म्हणून बाकीच्या ठिकाणी आपोआप होत नाही.

बहिणींकडून आधी हक्कसोडपत्र करून घ्यायचं आणि मग भावांनी विकायचं, अशी गावाकडची रीत आहे. आमचं मत उलटं आहे. घर विकायचंच असेल तर पाचही जणांनी थेट खरेदीखतावर विकणार म्हणून सह्या कराव्यात आणि ज्याच्या त्याच्या खात्यावर ज्याचा त्याचा हिस्सा जमा व्हावा. एक दस्त वाचतो, आयकराचा बोजा वाटला जातो आणि ‘मला न सांगता सही घेतली’ हा वाद उरत नाही. हक्कसोडच करायचं ठरलं तर ते नोंदणीकृत हवं. वारस नोंदीच्या वेळी दिलेला साध्या कागदावरचा जबाब किंवा नोटरी केलेलं संमतीपत्र यांनी बहिणीचा हक्क सुटत नाही.

प्रश्न : शिरूरमध्ये तिसऱ्या मजल्यावर बारा वर्षं जुना २ बीएचके आहे, लिफ्ट नाही. एजंट एक भाव सांगतो, शेजारी दुसरा. खरा भाव कसा काढायचा?

उत्तर : जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव असतो. दिलेला भाव इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सारांश उताऱ्यात सापडतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि तुमच्या इमारतीचा गट, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर टाका आणि गेल्या दोन वर्षांचे दस्त काढा. आधी तुमच्याच इमारतीतले, मग त्याच रस्त्यावरचे बघा.

इंडेक्स टू वाचताना रकाना १ मध्ये विलेखाचा प्रकार असतो. तिथे बक्षीसपत्र, हक्कसोड किंवा गहाणखत असेल तर तो दस्त बाजूला ठेवा, भावासाठी त्याचा उपयोग नाही. रकाना २ मोबदला, रकाना ३ बाजारभाव, म्हणजे रेडीरेकनरने (सरकारी दरपत्रकाने) निघालेली किंमत. रकाना ५ क्षेत्रफळ. समजा मोबदला २४ लाख आणि क्षेत्र ५६.२० चौ. मी. कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे. ५६.२० गुणिले १०.७६४ म्हणजे सुमारे ६०५ चौ. फूट, आणि दर निघाला सुमारे ३,९७० रुपये कार्पेटवर. क्षेत्र कार्पेट आहे की बिल्टअप (भिंती धरून), हे रकाना ४ मधल्या वर्णनात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. बिल्टअप असेल तर कार्पेट साधारण दहा ते वीस टक्क्यांनी कमी धरा. एजंट सांगतो तो भाव पुष्कळदा सुपर बिल्टअपवरचा, म्हणजे जिना-बोळाचा वाटाही धरलेल्या क्षेत्रावरचा असतो. शेजाऱ्याच्या आणि त्याच्या आकड्यातली निम्मी तफावत इथेच निघून जाईल.

मोबदला आणि बाजारभाव हे दोन्ही आकडे एकच असलेले दस्त पुष्कळ दिसले तर जरा सावध व्हा. तिथे मोबदला रेडीरेकनरला टेकवून लिहिलेला असण्याची शक्यता असते, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाला ते कागदावरून कळत नाही.

त्यानंतर वजावटी. लिफ्ट नसलेला तिसरा मजला म्हातारी माणसं असलेलं कुटुंब घेत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक तरुण जोडपं किंवा भाड्यासाठी घेणाराच. टेरेसची गळती, बोअरचं पाणी मे महिन्यात टिकतं का, पार्किंग दस्तात लिहिलंय की नुसतं तोंडी दिलंय, यावर घासाघीस होणारच. गळती असेल तर वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या. रंगकामावर खर्च करू नका. घेणारा स्वतःच्या आवडीचा रंग देतोच.

प्रश्न : शिक्रापूरजवळ दीड गुंठ्याचा प्लॉट बघितला. सातबारावर अकरा जणांची नावं लागतील, आत तुमचा प्लॉट ठरलेला आहे, असं एजंट म्हणतो. घर बांधायचं आहे. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नका.

दीड गुंठा म्हणजे १,६३३ चौ. फूट. शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे किमान प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. एकट्याची खरेदी नोंदवता येत नाही म्हणून अकरा जण गोळा करून एकत्र क्षेत्राचं खरेदीखत करतात. सातबारावर नाव लागतं, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. प्रत्यक्षात तुम्ही त्या गटात अविभक्त, म्हणजे वाटप न झालेले हिस्सेदार झालेले असता. दगड रोवून दाखवलेला कोपरा कुठल्याच सरकारी नकाशात नसतो. रस्ता सोडला तो कागदावर नसतो. एका हिस्सेदाराने आपला भाग विकला, कर्ज थकवलं किंवा वाटपाचा दावा लावला की उरलेले सगळे त्यात ओढले जातात. अशा प्लॉटवर बँका सहसा घरबांधणीचं कर्ज देत नाहीत आणि बांधकाम परवानगीही मिळत नाही. शिवाय जमीन शेतीची असेल तर घेणाऱ्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा लागतो.

‘तुकडेबंदी उठली’ हे एजंटचं आवडतं वाक्य आहे. २०२५ मध्ये सवलती आल्या हे खरं, पण त्या सरसकट नाहीत. जमीन कोणत्या हद्दीत, कोणत्या झोनमध्ये आणि व्यवहार कधीचा यावर त्या अवलंबून आहेत. गुंठेवारी नियमितीकरणालाही, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले गुंठ्यांचे प्लॉट कायदेशीर करून घ्यायलाही, ३१ डिसेंबर २०२० ही मर्यादा आहे. त्या तारखेनंतर पाडलेला प्लॉट ‘पुढे नियमित होईल’ म्हणून कुणी विकत असेल तर ते होण्याची हमी तोच लिहून देतोय का, ते विचारा.

मंजूर ले-आउटमधला एनए (बिगरशेती) प्लॉट महाग पडतो. तरी तोच घ्या. मंजूर रेखांकनाची प्रत, एनए आदेश किंवा सनद, स्वतंत्र प्लॉट नंबरचा सातबारा आणि झोन दाखला मागा. रिंगरोड किंवा पुरंदरमधल्या विमानतळाच्या गावांजवळचा गट असेल तर संपादनात येतो का हेही विचारा.

प्रश्न : चाकणजवळ २०११ च्या इमारतीत फ्लॅट घेतोय. परवानगी ग्रामपंचायतीची आहे, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी) नाही, रेरा नंबरही (गृहप्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक) नाही. दोन बँकांनी कर्ज नाकारलं, एक पतसंस्था द्यायला तयार आहे.

उत्तर : रेरा नंबर नाही याची काळजी करू नका. नोंदणीची तरतूद १ मे २०१७ पासून लागू झाली, आणि ५०० चौ. मी. पर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पांना ती आजही लागत नाही. तालुक्यातल्या कितीतरी इमारती या सवलतीतच बसतात.

खरी अडचण परवानगीची आहे. ग्रामपंचायतीचा अधिकार गावठाणापुरता. गावठाणाबाहेर गटात बांधलेल्या इमारतीला त्या काळी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागायची. २०१५ मध्ये पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) स्थापन झाल्यावर त्यांच्या हद्दीत ती त्यांच्याकडे गेली. म्हणून आधी एकच प्रश्न सोडवा : इमारत गावठाणाच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर सरपंचांच्या सहीचा दाखला, ठराव आणि नकाशा यांच्या आधारे मार्ग निघू शकतो. बाहेर असेल आणि फक्त सरपंचांची सही असेल, तर कागदोपत्री ती इमारत विनापरवाना आहे. पतसंस्था कर्ज देते म्हणजे तिने मालकी तपासून पसंत केली असं समजू नका. तिचा व्याजदर बहुधा जास्त असतो आणि पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकालाही त्याच दोन बँका नाही म्हणतील. फ्लॅट स्वस्त मिळतोय तो याच कारणाने.

प्रश्न : विसार किती द्यावा? विकणारे रोख मागतात.

उत्तर : सर्च रिपोर्ट, म्हणजे वकिलाने जुने दस्त तपासून दिलेला मालकीचा अहवाल, हातात येईपर्यंत किमतीच्या एक-दोन टक्क्यांच्या वर जाऊ नका. रोख देऊ नका. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतले तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे विकणाऱ्याला शांतपणे सांगा. बहुतेक जण लगेच खाते क्रमांक देतात. विसारपावतीत तीन वाक्यं हवीतच : मालकी निर्वेध निघाली नाही तर विसार परत, बँकेने मिळकतीच्या कागदांमुळे कर्ज नाकारलं तर विसार परत, आणि साठेखताची (खरेदीखताआधीच्या विक्री कराराची) तारीख. सर्च तीस वर्षांचा घ्या आणि हरकतींसाठी चौदा दिवसांची जाहीर नोटीस तालुक्यात खपणाऱ्या वर्तमानपत्रात द्या. पुण्याच्या आवृत्तीत कोपऱ्यात छापलेली नोटीस गावचा भाऊबंद वाचत नाही.

प्रश्न : पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क वाचतं का?

उत्तर : निवासी घरावर एक टक्का वाचतो, पण सगळे खरेदीदार महिला असतील तरच. तुमचं नाव जोडलंत की सवलत गेली. पुणे महापालिका हद्दीत एकूण ७ टक्क्यांचे ६ होतात; नगरपरिषद आणि ग्रामपंचायतीचे दर वेगळे आहेत, विभागाच्या संकेतस्थळावरच्या गणकात गाव निवडून काढा. आकारणी मोबदला आणि रेडीरेकनर यांपैकी जास्त रकमेवर होते. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये.

प्रश्न : भोरमधल्या माझ्या घरावर गृहकर्ज आहे, सात लाख बाकी आहेत. कर्ज फेडल्याशिवाय विकता येईल का? घेणाराही कर्ज काढणार आहे.

उत्तर : येईल. तुमच्या बँकेकडून दोन कागद घ्या : फोरक्लोजर पत्र, म्हणजे अमुक तारखेला किती भरल्यावर कर्ज संपेल ते, आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. घेणाऱ्याची बँक या दोन्हींशिवाय फाइल पुढे नेत नाही. साठेखतात कर्जाची रक्कम आणि ती मोबदल्यातून थेट तुमच्या बँकेला जाणार, हे स्पष्ट लिहा. घेणाऱ्याची बँक सात लाखांचा धनादेश तुमच्या कर्जखात्याच्या नावाने काढते आणि उरलेली रक्कम तुमच्या नावाने.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस (तुमच्या आयकरापोटीची कपात) कापायचा असतो. दोन वर्षांहून जुन्या घराच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो; घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं असेल तर भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला इंडेक्सेशनसह (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून) २० टक्क्यांनीही हिशेब काढून, ज्यात कर कमी तो धरता येतो. दोन्ही हिशेब सीएकडून करून घ्या.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद घेताना यादीशी एकेक ताडा, विशेषतः मूळ खरेदीखत आणि त्याची नोंदणी पावती. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा चढलेला असेल तर नुसत्या ‘नो ड्यूज’ने तो उतरत नाही, बँकेचं पत्र जोडून बोजा कमी करण्याचा वेगळा अर्ज द्या आणि कोरा उतारा घेऊनच खरेदीखताची तारीख ठरवा.