एकाच लेसरमधून हवा तो रंग कसा काढतात?

लेसर म्हणजे एकच ठरलेला रंग असं शाळेत शिकलो, मग प्रयोगशाळेतलं एकच यंत्र निळ्यापासून इन्फ्रारेडपर्यंत रंग कसं बदलतं, असं तुम्ही विचारलंय. माझं रोजचं काम अशाच यंत्रावर चालतं, म्हणून उत्तर देतो. त्याचं नाव ऑप्टिकल पॅरामेट्रिक ऑसिलेटर. आम्ही नुसतं ओपीओ म्हणतो.

बहुतेक लेसरचा रंग त्यातल्या अणूंच्या ऊर्जापातळ्यांनी ठरतो. ओपीओत तसं नसतं. इथे बीबीओ, म्हणजे बेरियम बोरेटचा, नखाएवढा पारदर्शक स्फटिक असतो आणि त्यात आपण 355 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील लेसर सोडतो. त्यातल्या काही फोटॉनांचे, म्हणजे प्रकाशाच्या कणांचे, प्रत्येकी दोन फोटॉन होतात. मूळ फोटॉनची ऊर्जा 3.49 इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यातून 500 नॅनोमीटरचा हिरवा निघाला तर त्याचे 2.48 गेले. उरलेले 1.01 घेऊन दुसरा निघतो, 1224 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. स्फटिक स्वतःजवळ काहीच ठेवून घेत नाही. हिशेब पै न पै जुळतो.

पण वाटणी 500 आणि 1224 अशीच का? 600 आणि 869 का नाही? खरी गंमत इथे आहे. स्फटिकात प्रत्येक रंगाचा वेग वेगळा. त्यामुळे सुरुवातीला तयार झालेली लाट आणि दोन मिलिमीटर पुढे तयार झालेली लाट यांचा ताल चुकतो आणि त्या एकमेकींना मारतात. झोक्याला भलत्याच वेळी धक्का दिला की तो थांबतो, तसं. मात्र बीबीओत प्रकाशाचा वेग त्याच्या कंपनाच्या दिशेवर आणि स्फटिकाच्या अक्षाशी होणाऱ्या कोनावरही अवलंबून असतो. एका ठरावीक कोनात एकाच जोडीचा ताल जुळतो आणि तीच वाढत जाते. याला फेज मॅचिंग म्हणतात. दोन्ही बाजूंचे आरसे तो प्रकाश पुन्हा पुन्हा स्फटिकातून फिरवतात.

म्हणून रंग बदलायचा म्हणजे स्फटिक किंचित फिरवायचा. संरक्षक चष्मा लावून, पुढे पांढरं कार्ड धरून मी हे असंख्य वेळा पाहिलंय: मोटर अगदी थोडी सरकते आणि ठिपका निळ्याचा हिरवा, पिवळा, लाल होत जातो. अवघ्या काही अंशांत सगळा दृश्य पट्टा संपतो. 710 नॅनोमीटरजवळ दोन्ही फोटॉन सारखे होतात आणि रंगाची रेघ पसरट होते, म्हणजे रंग तितका नेमका राहत नाही. तिथे बारीक मोजमाप करायचं असेल तर जपून.

काही स्फटिक फिरवण्याऐवजी तापवतात. 1965 साली बेल लॅब्समध्ये जॉर्डमेन आणि मिलर यांनी पहिला ओपीओ चालवला, तो लिथियम नायोबेटचा होता आणि त्याचा रंग तापमानानेच बदलत होता.

जोडीतल्या एका फोटॉनला सिग्नल म्हणतात, दुसऱ्याला आयडलर, म्हणजे रिकामा बसलेला. हे नाव मला फार अन्यायाचं वाटतं. 1064 नॅनोमीटरचा लेसर लिथियम नायोबेटमध्ये सोडून 1550 चा सिग्नल काढला, तर आयडलर येतो साधारण 3393 वर. तिथे मिथेन वायू प्रकाश जोरात शोषतो. गळती शोधायला आपल्याला हवा असतो तो हाच.