टीमनं केलं ते राहू दे, तू काय केलंस?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, दोन वर्षं क्वालिटीला आहे, बीई मेकॅनिकल. चार महिन्यांत चाकणला तीन इंटरव्ह्यू दिले, रात्रीची एसटी धरायची, स्वारगेटला तोंड धुवायचं, तिथनं पुढं चाकण, आणि तिन्हीकडं एकच उत्तर, कळवतो. शेवटच्या ठिकाणी साहेबांनी व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) आणि एक बुश (छोटी धातूची नळी) हातात दिला. रोज वापरतो तरी हात थरथरला. मग म्हणाले तुमचं काम सांगा, मी म्हटलं आमच्या टीमनं रिजेक्शन कमी केलं. तुम्ही स्वतः काय केलं विचारल्यावर गप्पच बसलो. तसं मी केलेलं फारसं काही नाही, पंप हाउसिंगला (पंपाच्या ओतीव खोक्याला) ब्लो होल, म्हणजे गॅसची भोकं, यायचे तेव्हा दर तासाला सॅण्डचं, म्हणजे साच्याच्या वाळूचं, मॉइश्चर लिहून ठेवलं, दुपारच्या शिफ्टला जास्त निघायचं, मिक्सरवरचा माणूस पाणी अंदाजानं घालत होता, एवढंच. इंग्रजी अडखळतं. पगार किती मागायचा तेही कळत नाही. आता एक कन्सल्टन्सीवाला पंधरा हजार भर, लावून देतो म्हणतोय. भरू काय?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : आधी शेवटचं. एक रुपया भरू नकोस. ज्यांना माणूस पाहिजे ते कन्सल्टन्सीला स्वतः पैसे देतात, उमेदवाराकडनं मागणारा बहुतेक वेळा पैसे घेऊन फोन बंद करणाराच असतोय.

आता मला सांग, "एवढंच" म्हणून तू जे खाली ढकललंस ते त्या साहेबांना का नाही सांगितलंस? अरे भावा, तेच तर ऐकायला ते बसलेले असतात! मी उद्यमनगरात आणि नंतर गोकुळ शिरगावला मिळून बरीच वर्षं पोरांचे इंटरव्ह्यू घेतलेत, दहातली आठ पोरं कॉलेजचा प्रोजेक्ट पाठ म्हणून दाखवतात आणि दोन वर्षं शॉपवर काय केलं विचारलं की टीम, टीम, टीम. तू दर तासाला मॉइश्चर लिहिलंस, शिफ्टचा फरक पकडलास, कारण माणसापर्यंत नेलंस, हे सांग, आणि सांगताना आकडे घाल, मॉइश्चर किती यायचं, किती पाहिजे होतं, शंभर पीसमागं किती रिजेक्ट होते आणि नंतर किती राहिले. आकडे खरेच घाल हां, पुढचा प्रश्न त्याच्यावरच येतोय.

तो पुढचा प्रश्न बहुतेक असा असतोय, ब्लो होलच आहे, श्रिंकेज (धातू गोठताना आकसून पडलेली पोकळी) नाही हे कशावरनं ठरवलं? पीस कापून बघितला असशील तर आठव, गॅसचं भोक आतनं गुळगुळीत, गोलसर असतं, श्रिंकेज खडबडीत, वेडंवाकडं, आणि जाड सेक्शनला जिथं धातू शेवटी गोठतो तिथं सापडतं. सॅण्ड जास्त ओली असली की ओतताना वाफ होते, ती बाहेर पडायला वाट नसली की आत अडकते. हे एवढं मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून बोललास तरी चालतंय, शॉपवर सगळे तसंच बोलतात. फक्त सुरुवातीचा स्वतःची ओळख द्यायचा एक मिनिट इंग्रजीतनं घरी मोठ्यानं बोलून पक्का कर, मनातल्या मनात बोलून होत नाही ते, मी करून बसलोय. पंप हाउसिंगचं स्केच हातानं काढून दाखव, पण कस्टमरचं ड्रॉइंग किंवा कंपनीतले फोटो मोबाइलवर घेऊन जाऊ नकोस, आज जुन्या कंपनीचं असं करणारा उद्या आमचंही तसंच करणार असं समोरच्याला वाटतं.

व्हर्नियरचं. हात थरथरला ते कोण बघत नाही, बघतात ते तू आधी जॉ (व्हर्नियरचे जबडे) पुसून बंद करून झीरो तपासलास का, आणि बोअर (बुशचं आतलं भोक) दोन बाजूंनी मोजलास का. आणि त्यात खरी गंमत अशी असते की ड्रॉइंगवर बोअर २५ एच७ लिहिलेला असतो, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलीमीटर, सगळी मिळून २१ मायक्रॉनची सूट, आणि तुझ्या हातातल्या साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलीमीटर म्हणजे २० मायक्रॉन. यानं तो बोअर पास-फेल करताच येत नाही! तिथं "सर, याला प्लग गेज नाहीतर बोअर गेज पाहिजे" असं म्हणणारा पोरगा मी रीडिंग न बघताच पुढच्या राउंडला घ्यायचो.

पगाराचं थोडक्यात. आकडा तूच आधी टाकू नकोस, बजेट काय आहे विचार, दाबून विचारलंच तर आत्ताच्या हातात येणाऱ्या पगारावरनं हिशोब धर, चाकणला खोलीभाडं आणि मेस लागणार आहे हे विसरू नकोस. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ऐकून हुरळू नकोस, त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही धरलेली असते, हातात किती ते सरळ विचारायचं. आणि नोटीस पिरियड खरा सांग. ऑफर लेटर हातात पडेपर्यंत राजीनामा टाकायचा नाही, फोनवर "फायनल आहे" म्हणाले तरीसुद्धा.

बाकी ते मॉइश्चरचे कागद अजून तुझ्याकडं असतील तर रविवारी काढून बस. पण इंटरव्ह्यूला आकडे डोक्यात ने, कागद नेऊ नकोस.