बंदरांची संघटना आणि गेटवर अडलेली केळी

प्रश्न : आमच्या गटाचा केळीचा रीफर (शीत) कंटेनर न्हावाशेवा बंदराच्या गेटवरून परत फिरवला. जहाज चुकलं, वर भलंमोठं बिल आलं. बंदरांच्या देशपातळीवरच्या संघटनेकडे तक्रार केली तर पैसे परत मिळतील का?
– केळी उत्पादक, ता. रावेर

उत्तर : नाही मिळणार. इंडियन पोर्ट्स असोसिएशन १९६६ पासूनची, केंद्राच्या अखत्यारीतल्या मोठ्या बंदरांची संघटना आहे. बंदरांची आकडेवारी, अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण, सामायिक संगणक प्रणाली ही तिची कामं. बिलांचा निवाडा नव्हे. मुंद्रा, पिपावाव ही गुजरातची खासगी बंदरं तर तिच्यात येतच नाहीत. तुमचा तिच्याशी संबंध येतो तो पोर्ट कम्युनिटी सिस्टिममुळे. निर्यातीचा एजंट, शिपिंग लाइन (जहाज कंपनी) आणि टर्मिनल (बंदरात कंटेनर चढवणारा-उतरवणारा) यांच्यात कागद फिरवणारी ही संगणक प्रणाली. तिची २०१८ मधली आवृत्ती या संघटनेनेच आणली.

बिलातली प्रत्येक ओळ वेगळी काढा. डिटेन्शन, म्हणजे कंटेनर ठरल्यापेक्षा जास्त दिवस ठेवल्याचा आकार, शिपिंग लाइन लावते. गेटच्या आतलं जागाभाडं आणि रीफरच्या वीजजोडणीचा आकार टर्मिनलचा. ज्याची ओळ, त्यालाच लेखी हरकत.

पण आधी कंटेनर परत का फिरला ते एजंटकडून लेखी घ्या. बहुतेकदा फॉर्म १३ (कंटेनर गेटच्या आत नेण्याचा कागद) वरचा सील नंबर प्रत्यक्ष सीलशी जुळत नाही, व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन कळवलेलं नसतं (१ जुलै २०१६ पासून ते सक्तीचं आहे), नाहीतर गाडी कटऑफनंतर, म्हणजे त्या जहाजासाठी माल घेण्याची मुदत संपल्यावर पोचते. पहिल्या दोन चुका पॅकहाउसवरच सुधारता येतात: सील लावताच त्याचा फोटो काढा आणि एजंटला नंबर वाचून दाखवू नका, फोटोच पाठवा.

बिलापेक्षा माल महत्त्वाचा. चाळीस फुटी कंटेनरात साडेतेरा किलोची दीड हजाराच्या आसपास खोकी, म्हणजे वीस टन केळी असते. तापमान साडेतेरा अंशांच्या आसपास हवं. तेराखाली बराच वेळ राहिलं तर थंडीत बागेला बसतो तसा चरका बसतो. साल नखाने खरवडली की खाली तपकिरी रेघा दिसतात. जनरेटर बंद पडून ऊब वाढली, किंवा व्हेंट (हवेची झडप) बंद राहून इथिलीन हा फळ पिकवणारा वायू साचला, तर केळी वाटेतच पिकायला लागते. म्हणून रीफरच्या मशीनमधली तापमानाची नोंद लाइनकडून लगेच मागा. ती नसेल तर नुकसानीचा दावा टिकणं अवघड.

प्रणाली बंद पडून किंवा गेटवरच्या रांगेमुळे अनेकांचा माल अडत असेल, तर मात्र एकट्याने लिहू नका. चार-पाच गटांनी गाडी क्रमांक, पोचल्याची आणि आत गेल्याची वेळ असा तक्ता करून न्हावाशेवा बंदर ज्याच्याकडे आहे त्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाला द्यावा, प्रत अपेडाला (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था). संगणक प्रणालीचा दोष बंदराने संघटनेपर्यंत न्यायचा असतो, आणि त्यासाठी त्यांना अशा वेळांची नोंदच लागते.