माघातली सकाळ आणि मर्ढेकर

प्रश्न : ताई, आम्ही सोसायटीतल्या काही बायका थंडीभर दर शनिवारी एकीच्या घरी जमून कविता वाचणार आहोत. १ डिसेंबर हा मर्ढेकरांचा जन्मदिवस, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी असं माझ्या मनात आहे. पण ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ कॉलेजात वाचल्यापासून सगळ्यांनी त्यांची धास्ती घेतली आहे. काय वाचावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर त्यांच्यापासूनच करा! मर्ढेकर म्हणजे नुसते उंदीर नव्हेत. १९३९ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचं नावच ‘शिशिरागम’. पण तुम्ही त्याच्याही आधी ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या’ ही कविता घ्या. मुंबई बंदरावरची माघातली सकाळ आहे ती.

माझं माहेर माझगावचं. गोदीतले भोंगे ऐकत आम्ही मोठ्या झालो, त्यामुळे या कवितेवर माझा जरा जास्तच जीव आहे, हे आधीच सांगते. काळोखाच्या उशीवरून घरं अलगद डोकी उचलतात. गवळी पिवळे हंडे भरून, मान मोडून कावड नेतात. धक्क्यावरच्या बोटी अजून साखरझोपेत. चहाच्या पत्तीचा वास येतो, जळका धूर येतो, डांबरी रस्ताही येतो. आणि यातलं काहीही त्यांना कवितेबाहेर ठेवावंसं वाटत नाही. खानदेशात फैजपूरला जन्मलेल्या माणसाने आमची मुंबई अशी पाहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता एक करा. पहिल्यांदा अर्थाची चर्चा नको. एकीने सावकाश, मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. मग दुसरीने वाचावं. दुसऱ्या वाचनात शेवटच्या कडव्याकडे कान द्या. सुरुवातीला ‘पितात सारे गोड हिंवाळा’ असं आलेलं असतं. शेवटी तेच शब्द फिरून येतात, पण तोवर शहराची अजस्र धांदल उठायच्या बेतात आहे, आणि ओळ होते ‘उरे घोटभर गोड हिवाळा’. सगळ्यांना पुरणारी थंडी घोटावर आली! तिच्या आधीची विनवणीही चुकवू नका : ‘थांब जरासा वेळ’. मला तर मर्ढेकरांची सगळी माया त्या तीन शब्दांत दिसते.

पुढच्या शनिवारी ‘दवांत आलिस भल्या पहाटी’ घ्या. पहाटेच्या दवात कुणी जवळून निघून जातं, एवढीच गोष्ट, पण ती पाठ करण्याजोगी आहे. मुलांना शेजारी बसवलंत तरी चालेल, चाल त्यांना लगेच पकडता येते.

‘पिपांत’ मात्र टाळू नका. चार-पाच बैठकी झाल्या की ती काढा, तीही मोठ्याने वाचा. गवळ्याची मोडलेली मान ज्याला दिसली, त्यालाच ते उंदीरही दिसले, हे तेव्हा तुमच्या बैठकीत कुणीतरी आपणहून बोलेल.