सूत्रांच्या हवाल्याने पडलेले कराची

नाशिक परिसरातून आलेली तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस संघर्ष झाला, आणि त्या काळातील बातम्यांविषयी ही पत्रे आहेत. म्हणून या वेळचे सदर आम्ही याच पत्रांसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : ८ मेच्या रात्री आम्ही उभयता पहाटेपर्यंत टीव्हीसमोर बसून होतो. आपल्या नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे एकामागून एक वाहिन्या सांगत होत्या. सकाळी त्यातले काहीच उरले नव्हते. इतक्या वाहिन्या एकाच रात्री एकच चूक कशी करतात? हे त्यांना सरकारनेच सांगायला लावले होते का?
— निवृत्त बँक कर्मचारी, नाशिकरोड

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तसा आदेश होता असे म्हणण्याजोगा पुरावा आमच्यापुढे नाही, आणि खरे तर आदेशाची गरजही नव्हती. ११ मे रोजी तिन्ही सेनादलांच्या पत्रकार परिषदेत व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी एवढेच सांगितले की, कराचीसह निवडक लक्ष्यांवर आपण ठरवू त्या वेळी मारा करण्याच्या पूर्ण तयारीनिशी नौदल अरबी समुद्रात उभे होते. तयारी होती, मारा झाला नव्हता, हे त्यातून अधिकृतपणे स्पष्ट झाले. ज्या वाहिन्यांनी तीन रात्रींपूर्वी पडद्यावर बंदर जाळले होते, त्यांतील बहुतेकांना या विधानाशी आपल्या बातमीची सांगड घालण्याची गरज वाटली नाही.

मग बातमी जन्मली कशी? वृत्तवाहिनीच्या कार्यालयात एका भिंतीवर प्रतिस्पर्धी वाहिन्यांचे पडदे ओळीने लावलेले असतात आणि रात्रपाळीच्या माणसांची नजर सतत त्यांवर असते. व्हॉट्सॲपवर किंवा एक्सवर आगीच्या लोळांची एखादी चित्रफीत येते. कोणीतरी ती ‘सूत्रांच्या हवाल्याने’ म्हणून चालवतो. शेजारच्या वाहिनीवर तीच पट्टी दिसताच आपण मागे पडलो या धास्तीने दुसरा ती उचलतो, तिसरा दुसऱ्याची उचलतो, आणि तोवर सीमेवरील किंवा नौदलातील एकाही जबाबदार माणसाला फोन गेलेला नसतो. आपण रिमोटने चार वाहिन्या बदलल्या आणि चारही ठिकाणी कराची जळताना दिसले, तेव्हा आपल्याला चार साक्षीदार मिळाल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात साक्षीदार एकही नव्हता. चित्रेही बहुधा उसनी असतात. त्या दिवसांत ‘आर्मा-३’ या व्हिडिओ गेममधील दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून फिरत होती आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाला त्याचा खुलासा करावा लागला.

आपल्या पिढीने ती बातमी चटकन स्वीकारली यालाही कारण आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्रवाहू बोटींनी कराचीवर खरोखरच हल्ला केला होता आणि तोच दिवस आजही नौदल दिन म्हणून पाळला जातो. पूर्वी एकदा घडलेले पुन्हा घडले असे सांगितले की ऐकणाऱ्याचा संशय निम्मा होतो, हे अफवा पसरवणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

यात पैशाचा भागही मोठा आहे, आणि आमच्या मते खरे दुखणे तेच आहे. सीमावर्ती जिल्ह्यात वार्ताहर आणि कॅमेरामन कायम ठेवणे खर्चाचे असते; चार निवृत्त अधिकारी स्टुडिओत बसवून मागे सायरन वाजवणे फार स्वस्त पडते. या सायरनचा इतका अतिरेक झाला की नागरी संरक्षणाच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, अशी सूचना १० मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील नागरी संरक्षण महासंचालनालयाला वाहिन्यांना द्यावी लागली. ७ मेच्या नागरी संरक्षण सरावासाठीच्या यादीत नाशिक, मनमाड आणि सिन्नर यांचीही नावे होती. दिवसभर टीव्हीवर वाजणारा भोंगा खऱ्या वेळी कोण मनावर घेणार, हा प्रश्न त्यामुळे आपल्याही शहराचा होता.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. देवळालीजवळ लष्करी गाड्यांचा ताफा जाताना आमच्या वर्गमित्राने चित्रीकरण करून ते समाजमाध्यमावर टाकले, तेव्हा त्याला ते काढायला लावले गेले. ही वृत्तस्वातंत्र्याची गळचेपी नाही का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कॉलेजरोड

उत्तर : या एका बाबतीत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या जिल्ह्यात देवळालीचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे आणि ओझरला लढाऊ विमाने तयार होतात, तेथे कोणता ताफा कधी कोठे निघाला हे सांगण्यात वाचकाचे कोणतेही हित नसते. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्याच्या वेळी कमांडोंच्या हालचाली टीव्हीवर थेट दिसत होत्या आणि हल्लेखोरांचे पाकिस्तानातील सूत्रधार त्या पाहत होते. कसाबच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वर्तनावर कडक ताशेरे ओढले. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिल २०२५ रोजी वाहिन्यांना ज्या नियमाची आठवण करून दिली, तो २०२१ च्या केबल टीव्ही नियमांतील ६(१)(पी) हा नियमही एवढेच सांगतो की, दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण करू नये आणि नियुक्त अधिकाऱ्याच्या वेळोवेळीच्या निवेदनापुरतेच वार्तांकन मर्यादित ठेवावे.

मात्र याच दाराने दुसरेही बरेच काही आत येते. संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये राज्याची सुरक्षितता हे निर्बंधाचे कारण दिलेले आहे. सरकारची अडचण हे कारण तेथे नाही. आपली काही लढाऊ विमाने पडली का, हा त्या काळात सर्वांत अडचणीचा प्रश्न होता. ११ मे रोजी एअर मार्शल ए. के. भारती यांनी नुकसान हा लढाईचा भागच असतो, इतक्याच शब्दांत त्याला उत्तर दिले, आणि विमाने गमावल्याची कबुली सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी दिली, तीही सिंगापूरमध्ये, एका परदेशी वृत्तवाहिनीला. पाकिस्तानने केलेला सहा विमानांचा दावा त्यांनी साफ फेटाळला, पण आकडा सांगितला नाही. लढाई चालू असताना आकडा न सांगणे आम्हाला समजू शकते. लढाई थांबून तीन आठवडे उलटल्यावर आपल्या देशातील वाचकाला तो विषय परदेशातून कळावा, आणि मधल्या काळात तो विचारणाऱ्या पत्रकाराच्या देशनिष्ठेवर शंका घेतली जावी, हे मात्र समजण्यासारखे नाही. आपल्याला ८,००० हून अधिक खाती भारतात बंद करण्याचे आदेश मिळाल्याचे एक्स या कंपनीने ८ मे रोजी जाहीर केले होते. त्यांतील बहुसंख्य खात्यांच्या बाबतीत नेमका कोणत्या मजकुरावर आक्षेप आहे हे सांगितलेच गेले नाही, असे कंपनीचे म्हणणे होते.

निर्बंध कोठवर जाऊ शकतात हे पाहायचे असेल तर रशियाकडे पाहा. मार्च २०२२ च्या कायद्यानुसार तेथे सैन्याविषयी ‘खोटी’ माहिती दिल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि खोटे काय हे व्यवहारात सैन्याच्याच म्हणण्यावरून ठरते. युक्रेनची बाजू अन्यायग्रस्ताची असली तरी ‘कीवचे भूत’ म्हणून गाजलेला वैमानिक काल्पनिक होता, हे त्यांच्या हवाई दलालाच एप्रिल २०२२ अखेरीस मान्य करावे लागले. इराकमध्ये २००३ साली अमेरिकेने वार्ताहरांना तुकड्यांसोबत नेले. त्यांनी दाखवलेले बरेचसे खरे होते, पण ते रणगाड्याच्या आतून दिसणारे खरे होते.

आपण या व्यवसायात येणार आहात, म्हणून अँथनी मस्कारेन्हास यांच्याविषयी अवश्य वाचा. कराचीच्या या पत्रकाराला १९७१ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानी लष्करानेच, सोयीच्या बातम्या लिहाव्यात या अपेक्षेने, इतर काही पत्रकारांसह पूर्व पाकिस्तानात नेले. बाकीच्यांनी अपेक्षेप्रमाणे लिहिले. मस्कारेन्हास यांनी कुटुंबाला देशाबाहेर काढण्याची व्यवस्था केली आणि १३ जूनच्या लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये तेथील कत्तलीची हकिकत छापून आणली. सरकारी दौऱ्यावर जाऊनही डोळे उघडे ठेवता येतात. त्याची किंमत मात्र त्यांना देश सोडून मोजावी लागली.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो, शत्रूला घाबरवण्यासाठी खोटी बातमी दिली तर बिघडले कुठे? त्याला काय सांगू?
— गृहिणी, पंचवटी

उत्तर : ताई, त्याला पूंछची हकिकत सांगा. ७ मे रोजी पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात तेथील एक मदरसा-शिक्षक मृत्युमुखी पडले. म्हणजे ते शत्रूच्या हल्ल्यात गेलेले आपलेच नागरिक. काही वाहिन्यांनी मात्र त्यांचे छायाचित्र दाखवून आपल्या सैन्याने दहशतवादी टिपल्याचे सांगितले. पूंछ पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी त्याचे खंडन केले, पण दुखवट्यात बसलेल्या घरच्यांना आधी ती बातमी पाहावी लागली. या बातमीने शत्रूपैकी कोणाला धाक बसला, हे मुलालाच विचारा. शिवाय पाकिस्तानातूनही, भारताची महिला वैमानिक पकडल्यासारख्या, बनावट बातम्या सुटत होत्या. त्या खोट्या आहेत हे जगाला पटवताना आपल्याच वाहिन्यांचे कराची आडवे येत होते.

पत्राच्या शेवटी आपण तक्रारीविषयी विचारले आहे. तक्रार प्रथम वाहिनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे करावी लागते. २०२१ च्या केबल टीव्ही नियमांनुसार वाहिनीने १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. समाधान झाले नाही तर ती वाहिनी ज्या स्वनियामक संस्थेची सभासद असेल तिच्याकडे आणि त्यानंतर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे जाता येते. वृत्तपत्राविरुद्धची तक्रार भारतीय प्रेस परिषदेकडे जाते. ती ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. वाहिनीचे नाव, तारीख, प्रसारणाची वेळ आणि कार्यक्रमाचे नाव त्याच वेळी लिहून ठेवा, जमल्यास पडद्याचे छायाचित्रही घ्या, कारण दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत वाहिनीच्या यूट्यूबवर असेलच याची खात्री नसते.