आधी पेशी, मग कण

अगं, परवा दांडिया बाजारात भेटलीस तेव्हा घाईत होतीस, म्हणून लिहिते. परजीवीपर्यंत औषध नेणाऱ्या सूक्ष्म कणांवरच्या तुझ्या संशोधनाच्या आराखड्यात 'नॅनो' हा शब्द खूपदा आलाय, पण परजीवी नेमका कुठे राहतो ते एकदाही आलेलं नाही. तिथूनच सुरुवात कर.

काळा आजारच घे. त्याचा परजीवी, लिशमानिया, यकृत-प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशींत दडून बसतो. रक्तातले परके कण गिळणं हे त्या पेशींचं कामच. म्हणून लायपोसोममध्ये, म्हणजे लिपिडच्या (चरबीच्या) इवल्याशा पिशवीत, भरलेलं अँफोटेरिसिन बी हे औषध आपसूक शत्रूच्या घरात पोचतं, आणि साध्या अँफोटेरिसिनने मूत्रपिंडांना होणारा त्रास बराच कमी होतो. दर किलो वजनामागे 10 मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो, हे बिहारमधल्या चाचणीने 2010 साली दाखवलं. पूर्वी रुग्ण महिनाभर खाटेवर असायचा. मला आजही याचं अप्रूप वाटतं.

आता प्रयोगाचं. रिकाम्या लायपोसोमचा गट ठेवायला विसरू नकोस. नाहीतर परजीवी औषधाने मेला की लिपिडने, हे सांगता येत नाही. माझे चार महिने असेच गेले. कणांचा आकार नुसत्या पाण्यात मोजून थांबू नकोस, सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) घातलेल्या माध्यमातही मोज. विरळ करायला सलाइन नको, 5% डेक्स्ट्रोजच घे. मिठाने अँफोटेरिसिन खाली बसतं. आणि फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नकोस.

शगास या आजाराचं पुढच्या वर्षी बघू. त्याचा परजीवी हृदयाच्या स्नायूंत शिरतो, तिथे कण पोचवणं फार अवघड. पहिल्या मापनाचे आलेख घेऊन रविवारी घरी ये.